कातड्याचं पीठ

सुभाषनगरच्या कोपऱ्यावर आमचं मेडिकल.
दुपारी अडीचला मालक जेवायला गेले
की यल्लाप्पा येतात.
खिशातून चिठ्ठी काढतात दोन बोटांनी,
उरलेली तीन
दुसऱ्या कुणाची असल्यासारखी
बाजूला धरून.

सीपीआरमध्ये शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी
डोळे मिटायला लावले
आणि टाचणी फिरवली बोटाबोटावर.
'टोचतंय?'
'न्हाई.'
'आता?'
'तुमी सुरू केलं व्हय?'
हे सांगताना ते हसले,
मग ते हसू कुठं ठेवावं त्यांना कळेना.
पंचेचाळीस वर्षं
कातड्याला आरीनं भोकं पाडलेला माणूस.

बाईंनी विचारलं म्हणे, जेवता काय?
शेवंताकाकी गेल्यापासून
घरात रस्सा शिजलेला नाही.
चहा, चटणी, भाकरी.
चपलेची वेणी काकी घालायच्या,
आता तेही यांच्याच अंगावर.
अंगठ्याच्या मुळाशी
शीर नव्हे, दुसरंच काहीतरी
सुजून टणक झालंय.

चिठ्ठीवर तीन ओळी.
बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या, तीन महिने.
मनगटाला पट्टा.
विश्रांती.
तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं,
'आणि ही कितीला?'

मालकांचा नियम आहे:
हाडामासाची चिठ्ठी आली
की सोबत एक डबा गेला पाहिजे.
पांढरा डबा, वर पळणारी बाई,
कोलॅजन, अठराशे पन्नास.
त्यातले साठ माझे.
मी सरकवला पुढं. सरकवला, खोटं कशाला बोलू.
म्हटलं, यानं कंडरा भरून येतात म्हणतात.
'कंडरा?'
मी मूठ आवळून मनगट दाखवलं,
कातडीखाली ताणलेली दोरी.
'हां. वादी म्हण की मग.'

'कशापासनं करत्यात ह्ये?'
बारीक अक्षरं होती. चष्मा लावून वाचली.
जनावराच्या कातड्यापासून.

दुकानात नमुन्याचा एक उघडा डबा असतो.
त्यांनी तो नाकाशी नेला.
बाभळीची साल नाही, हिरडा नाही,
चुन्याची कुंडी नाही, ऊन नाही.
कातडं, आणि वास व्हॅनिलाचा.
चिमूटभर तळहातावर घेऊन
बराच वेळ बघत राहिले,
ओळखीचं माणूस शहरात भेटावं
आणि त्यानं ओळख दाखवू नये तसे.
मग म्हणाले,
'पोरी, कातड्याचं पीठ केल्यावर
त्याची पुन्हा वादी व्हती व्हय गं?'

मला माहीत नाही.
काहींना उतार पडतो म्हणतात, काहींना नाही.
डब्याच्या तळाशी, किमतीच्याही खाली,
लिहिलंय: हे औषध नव्हे.
मी डबा मागं घेतला.
गोळ्या दिल्या, पट्टा दिला,
आणि वर आगाऊपणे म्हटलं,
काका, आठवड्यातनं दोनदा अंडी तरी खावा.
ते तळहातावरची पूड झटकत नव्हते.
अखेर पुन्हा डब्यातच ठेवली, चिमटीनं,
कातरणही वाया जाऊ नये अशी.

पहिल्या महिन्यात काही नाही.
दुसऱ्यात सांगत आले, मुंग्या येतात रात्रभर,
झोप नाही, तळहात भाजतो.
मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा.
दाखवलं. त्या म्हणाल्या, येऊ द्यात मुंग्या.
वारुळात कुणीतरी राहतंय म्हणायचं.

मनगट तसंच आहे. पट्टा मळलाय.
विश्रांती अजून कुठं मिळाली नाही.

पण परवा भर गर्दीत,
मालक गल्ल्यावर असताना,
माणसं बाजूला सारत आले,
करंगळीशेजारचं बोट वर धरलेलं,
त्यावर रक्ताचा एवढासा थेंब.
'पट्टी दे गं,' म्हणाले,
आणि पट्टी लावू देईनात.
सगळ्या दुकानाला दाखवत राहिले,
'आरी लागली. दुखलं.
लई दुखलं.'